हिदेतोशी नाकाता: 77 सामने, 11 गोल आणि एक पासपोर्ट

जपानी फुटबॉलपटू नाकाताचे आधी आकडे बघून घ्या. जपानकडून 77 सामने, 11 गोल. इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे सेरी आमध्ये, 182 सामने आणि 24 गोल. इंग्लंडमध्ये एक हंगाम, त्यात लीगमधला जेमतेम एक गोल. वयाच्या 29 व्या वर्षी निवृत्ती. आशियाई चषक एकदाही नाही. जपानने तो 2000 साली जिंकला, 2004 सालीही जिंकला, आणि दोन्ही वेळा नाकाता संघात नव्हता. एवढं वाचून कुणीही म्हणेल, बरा असेल खेळाडू, त्यात काय एवढं?

पण 2004 मध्ये फिफाच्या शताब्दीनिमित्त पेलेने हयात असलेल्या 125 थोर फुटबॉलपटूंची यादी काढली, तेव्हा त्यात जपानचं एकच नाव होतं, आणि ते नाकाताचं. त्या यादीवर वाद पुष्कळ झाले, ते सोडून द्या. हे नाव मात्र कुणाला फारसं खटकलं नाही. असं का, हे कळायचं असेल तर त्याचे गोल मोजून भागत नाही. त्या काळातले नियम, पैसा आणि पासपोर्ट हे सगळंच उलगडून बघावं लागतं.

आधीचा जपान

आज युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये जपानी खेळाडू दिसतात आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्र अगदी वेगळं होतं. जपानमधले मोठे संघ हे कंपन्यांचे संघ असत. जे-लीग नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली ती 1993 च्या मे महिन्यात. विश्वचषकात जपान तोवर एकदाही खेळला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोह्यात इराकविरुद्ध 2-1 असा पुढे असताना जपानने अगदी शेवटच्या क्षणी गोल खाल्ला आणि 1994 च्या विश्वचषकाचं तिकीट हातातून गेलं. जपानमध्ये अजूनही त्या सामन्याचा उल्लेख ‘दोह्याची शोकांतिका’ असाच होतो.

नाकाता तेव्हा सोळा वर्षांचा होता. जन्म 22 जानेवारी 1977 चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरातला. 1993 साली जपानमध्येच झालेल्या 17 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तो खेळला. 1995 मध्ये शाळा संपवून तो बेलमारे हिरात्सुका या जे-लीगमधल्या क्लबात दाखल झाला. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये जपानने ब्राझीलला 1-0 असं हरवलं, त्या संघात तो होता.

त्याचा खेळ कसा होता? तो आघाडीच्या खेळाडूंच्या जरा मागे खेळणारा मिडफील्डर. नेत्रदीपक ड्रिबलिंग करणारा नव्हता. चेंडू पायात यायच्या आधीच मान वळवून मैदान बघून घेणारा, धक्का बसला तरी न पडणारा, आणि पास असा जोरात सोडणारा की सुरुवातीच्या काळात स्वतःच्याच सहकाऱ्यांना तो गाठता येत नसे. या पासला जपानी वर्तमानपत्रांनी ‘किलर पास’ असं नाव दिलं होतं. तक्रार व्हायची की तो सहकाऱ्यांच्या वेगाचा विचार करत नाही. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा अंदाज या एका तक्रारीवरून बांधता येतो.

जोहोर बाहरूची रात्र

नाकाता म्हणजे काय हे एका सामन्यात बघायचं असेल तर 16 नोव्हेंबर 1997 चा बघावा. मलेशियातलं जोहोर बाहरू, समोर इराण. आशियातल्या अंतिम पात्रता फेरीत दोन गट होते. गटविजेते थेट विश्वचषकात, आणि दोन्ही गटांत दुसऱ्या आलेल्या संघांचा हा सामना त्रयस्थ मैदानावर. जिंकेल तो फ्रान्सला जाणार, हरेल त्याला ऑस्ट्रेलियाशी झुंजून आणखी एकच संधी.

पहिला गोल नाकायामाने केला, नाकाताच्या पासवर. दुसऱ्या अर्धात इराणने अझिझी आणि अली दाई यांच्या गोलांनी 2-1 अशी आघाडी घेतली. 76 व्या मिनिटाला जो शोजीने हेडरने बरोबरी साधली, तो क्रॉसही नाकाताचाच. 2-2 वर सामना जादा वेळेत गेला. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता: जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकला, उरलेली मिनिटं खेळायचीच नाहीत. बदली म्हणून आलेला ओकानो मासायुकी जीव तोडून पळत होता आणि तितक्याच सातत्याने संधी वाया घालवत होता. 118 व्या मिनिटाला नाकाता चेंडू घेऊन पुढे गेला. यावेळी पास न देता त्याने स्वतःच डाव्या पायाने फटका मारला. इराणच्या गोलकीपरने तो अडवला, चेंडू सुटला, आणि धावत आलेल्या ओकानोने तो जाळ्यात ढकलला.

तीन गोल, आणि धावफलकावर नाकाताचं नाव एकदाही नाही. जपान पहिल्यांदा विश्वचषकात पोहोचला तो असा. (इराणचंही वाईट झालं नाही, त्यांनी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला गाठून आपलं तिकीट मिळवलंच.) 1997 आणि 1998 अशी सलग दोन वर्षं आशियातला सर्वोत्तम खेळाडू नाकाता ठरला.

1998 च्या विश्वचषकात जपान तिन्ही सामने हरला. अर्जेंटिना आणि क्रोएशियाविरुद्ध 0-1, जमैकाविरुद्ध 1-2. पण केस पिवळे रंगवलेला हा एकवीस वर्षांचा मुलगा युरोपीय क्लबांच्या नजरेत भरला.

पेरुजा आणि टी-शर्टचा टोमणा

जपानी खेळाडू युरोपात गेलेच नव्हते असं नाही. ओकुदेरा यासुहिको 1977 मध्येच जर्मनीत कोलोनकडून खेळायला गेला होता आणि पहिल्याच हंगामात लीग आणि चषक दोन्ही जिंकणाऱ्या संघात होता. पण इटलीला आठवत होता तो मिउरा काझुयोशी. जपानचा हा सर्वांत लाडका स्टार 1994 मध्ये जेनोआकडून खेळायला आला, सोबत जपानी प्रायोजक आले, आणि वर्षभरात लीगमध्ये एकच गोल करून तो परतला. त्यामुळे 1998 मध्ये पेरुजाने नाकाताला घेतलं तेव्हा इटलीत सरसकट म्हटलं गेलं की मालक लुचानो गाउच्चीला खेळाडू नको आहे, जपानमध्ये टी-शर्ट विकायचे आहेत.

टोमण्यात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. शर्ट विकले गेले, जपानी पर्यटकांच्या झुंडी दीडेक लाख वस्तीच्या त्या डोंगरी गावात येऊ लागल्या, त्याचे सामने जपानमध्ये टीव्हीवर दिसू लागले. पण 13 सप्टेंबर 1998 ला, सेरी आमधल्या पहिल्याच सामन्यात, त्याने गतविजेत्या युव्हेंटसविरुद्ध दुसऱ्या अर्धात दोन गोल ठोकले. पेरुजा तो सामना 3-4 असा हरला, पण टी-शर्टची भाषा तिथेच बंद झाली. त्या हंगामात त्याचे लीगमध्ये 10 गोल झाले. खालच्या लीगमधून नव्यानेच वर आलेला, सगळे ज्याला खाली ढकलायला टपलेले, असा संघ सेरी आमध्ये टिकला. मिडफील्डरसाठी 10 गोल, तेही त्या काळच्या इटलीत! जगातले सगळ्यांत चिवट बचावपटू तेव्हा तिथेच होते आणि पैसाही तिथेच होता.

गाउच्ची हे वेगळंच प्रकरण होतं. चार वर्षांनी याच पेरुजाच्या आन जुंग-ह्वान या कोरियन खेळाडूने विश्वचषकात इटलीला बाहेर काढणारा गोल केला, तर मालकाने त्याला क्लबात ठेवणार नाही असं जाहीर करून टाकलं.

पासपोर्टचा नियम

जानेवारी 2000 मध्ये नाकाता रोमाकडे गेला. नाकाताच्या कारकिर्दीबद्दल बोलताना बहुतेक जण पुढची गोष्ट एका वाक्यात उडवून लावतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला. युरोपीय संघाच्या देशांतला खेळाडू दुसऱ्या सदस्य देशात गेला तर त्याला परदेशी समजून मर्यादा घालता येणार नाही, असं त्यात ठरलं. म्हणजे इटलीत फ्रेंच किंवा डच खेळाडू कितीही चालतील. पण युरोपीय संघाबाहेरच्या देशांतल्या, ब्राझील, अर्जेंटिना, जपान वगैरेंच्या खेळाडूंवर मर्यादा राहिलीच. इटलीत एका सामन्याला असे तीनच खेळाडू घेता येत.

आयपीएल बघणाऱ्याला हे लगेच कळेल. अकरात चारच परदेशी, म्हणून एखादा नावाजलेला फलंदाज फॉर्मात असूनही आठवडेच्या आठवडे डगआउटमध्ये पाणी पीत बसतो. पण इटलीतल्या नियमात एक पळवाट होती. दक्षिण अमेरिकेतल्या पुष्कळ खेळाडूंचे आजोबा-पणजोबा इटली किंवा स्पेनहून गेलेले. कागद जमवले की युरोपीय पासपोर्ट मिळतो आणि मग तो खेळाडू ‘परदेशी’ राहतच नाही. या वाटेने इतके जण गेले की 2000-01 च्या हंगामात बनावट पासपोर्टची प्रकरणं इटलीत गाजली, बड्या नावांवर बंदी आली. कोफूत जन्मलेल्या नाकाताला मात्र खरे-खोटे कुठलेच इटालियन पणजोबा काढून दाखवणं शक्य नव्हतं. तीन जागांसाठीची रांग त्याला चुकवता येणारच नव्हती.

त्यात रोमामध्ये त्याच्या जागेवर फ्रान्चेस्को तोत्ती. रोममध्येच जन्मलेला, गावाचा जीव की प्राण. प्रशिक्षक फाबियो कापेल्लोंनी नाकाताला मैदानाच्या मध्यभागी, जरा मागे खेळवून पाहिलं. पण तिथे ब्राझीलचे खेळाडू होते आणि पुन्हा तोच तिघांचा हिशेब. त्यामुळे बरेचदा नाकाता बाकावरही नसे, थेट प्रेक्षकांत.

मग 2001 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, हंगाम संपत आलेला असताना, इटालियन फुटबॉल महासंघाच्या न्यायालयाने तिघांची मर्यादाच रद्द केली. आणि अवघ्या काही दिवसांत, 6 मे रोजी, तुरिनमध्ये युव्हेंटस विरुद्ध रोमा. रोमा गुणतक्त्यात सहा गुणांनी पुढे, युव्हेंटस दुसऱ्या क्रमांकावर.

पहिल्या सहा मिनिटांत युव्हेंटसचे दोन गोल झाले, देल पिएरो आणि झिदान. तासाभराचा खेळ होऊन गेला तरी 2-0 च. कापेल्लोंनी तोत्तीला बाहेर बोलावलं. रोमाचा पाठीराखा असाल तर तोत्तीला काढणं म्हणजे पांढरं निशाण फडकवणंच. आत आला नाकाता, जो आठवडाभरापूर्वीच्या नियमात कदाचित त्या दिवशी कपडे बदलायलाही आला नसता. 79 व्या मिनिटाला त्याने मध्यात चेंडू हिसकावला, चार पावलं पुढे गेला आणि लांबूनच असा फटका मारला की गोलकीपर व्हॅन डर सार नुसता झेपावला. 2-1. शेवटच्या मिनिटाला पुन्हा नाकाताचाच लांबून फटका, व्हॅन डर सारच्या हातून चेंडू सुटला, आणि मोन्तेल्लाने तो आत टाकला. 2-2. जोहोर बाहरूत ओकानोने केलेला गोल आठवतो ना? तीच गोष्ट, फक्त शर्ट वेगळा.

आता हिशेब करा. हंगाम संपला तेव्हा रोमाचे 75 गुण होते, युव्हेंटसचे 73. बरोबरीला दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो, विजयाला तीन. तो सामना 2-0 च राहिला असता आणि बाकी सगळं तसंच घडलं असतं, तर रोमा 74 आणि युव्हेंटस 75. ज्याला हंगामभर धड खेळायला मिळालं नाही त्याने अर्ध्या तासात विजेतेपद राखलं. युव्हेंटसचे पाठीराखे आजही त्या नियमबदलाच्या मुहूर्तावरून कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर हंगाम चालू असताना नियम बदलणं कुणालाही चमत्कारिक वाटेल. पण मुळात तो नियम न्याय्य होता का, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

त्याच जूनमध्ये आणखी एक पेच आला. जपान आणि कोरियात कॉन्फेडरेशन्स कप ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा चालू होती. उपांत्य सामन्यात धो धो पावसात नाकाताच्या फ्री किकने ऑस्ट्रेलियाला हरवलं, जपान अंतिम फेरीत. आणि अंतिम सामना न खेळताच नाकाता विमानाने इटलीला परतला, कारण रोमाचं विजेतेपद शेवटच्या दोन सामन्यांवर येऊन ठेपलं होतं. जपान फ्रान्सकडून 0-1 असा हरला. रोमाने 17 जूनला पार्माला 3-1 हरवून विजेतेपद मिळवलं. देश की क्लब, यावर तेव्हा जपानमध्ये पुष्कळ चर्चा झाली. पगार देणारा क्लब आणि ओळख देणारा देश यांची वेळापत्रकं एकमेकांवर आदळणं हे आज रोजचं झालंय, आशियाई खेळाडूंना तर जास्तच, कारण प्रवासच दहा-बारा तासांचा.

दुधाच्या कंपनीचा क्लब

2001 च्या उन्हाळ्यात पार्माने त्याच्यासाठी सुमारे 2.8 कोटी युरो मोजले. आशियाई खेळाडूसाठी एवढी रक्कम त्यानंतर 2015 पर्यंत, कोरियाचा सोन ह्युंग-मिन टॉटनहॅमला जाईपर्यंत, कुणी मोजली नाही. पार्माकडे पैसा कुठून आला? क्लबची मालकी पार्मालात या दूध कंपनीची, पाकिटातलं टिकाऊ दूध जगभर विकणारी. शिवाय त्याच उन्हाळ्यात पार्माने गोलकीपर बुफाँ आणि बचावपटू थुराम युव्हेंटसला प्रचंड किमतीला विकले होते.

एवढ्या किमतीचा खेळ नाकाताला तिथे दाखवता आला नाही. कधी त्याला आघाडीच्या मागे खेळवलं, कधी उजव्या बाजूला रेटलं. तरी 2002 चा इटालियन चषक पार्माने जिंकला त्यात त्याचा मोठा वाटा आहे. अंतिम फेरी दोन सामन्यांची. तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध पार्मा 1-2 ने हरलं, पण तो उशिराने आलेला एक गोल नाकाताचा. परतीचा सामना पार्माने 1-0 ने जिंकला, आणि एकूण 2-2 झाल्यावर परक्या मैदानावरचा गोल भारी धरण्याच्या नियमाने चषक पार्माचा.

डिसेंबर 2003 मध्ये पार्मालातचा अब्जावधी युरोंचा हिशेबघोटाळा उघडकीस आला आणि कंपनी कोसळली. पुढच्याच महिन्यात नाकाता उसनवारीवर बोलोन्याला गेला. मग फिओरेंतिना, मग पुन्हा उसनवारीवर इंग्लंडमधला बोल्टन. उसनवारी म्हणजे करार मूळ क्लबशीच, खेळायचं दुसऱ्याकडे. या वर्षांत सांगण्याजोगं फार काही घडलं नाही. फिओरेंतिनाकडून लीगमध्ये एकही गोल नाही.

दोन विश्वचषक आणि एक पत्र

2002 चा विश्वचषक जपान आणि कोरियाने मिळून भरवला. बेल्जियमशी 2-2, रशियावर 1-0, ट्युनिशियावर 2-0, त्यातला दुसरा गोल नाकाताचा, हेडरने. जपान पहिल्यांदाच बाद फेरीत गेला आणि तिथे तुर्कीकडून 0-1 हरला.

2006 मध्ये जर्मनीत प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको, आणि जपानचा तो संघ कागदावर सगळ्यांत तगडा मानला जात होता. पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84 व्या मिनिटापर्यंत 1-0 पुढे असलेला जपान पुढच्या आठेक मिनिटांत 1-3 असा हरला. क्रोएशियाशी 0-0. शेवटी 22 जूनला डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलकडून 1-4. सामना संपल्यावर सगळे आत गेले तरी नाकाता मैदानाच्या मध्यवर्तुळात चेहऱ्यावर शर्ट ओढून बराच वेळ पडून राहिला. लोकांना वाटलं, पराभव जिव्हारी लागला. 3 जुलैला त्याने आपल्या वेबसाइटवर पत्र टाकलं आणि खरं कारण कळलं. निवृत्तीचा निर्णय त्याने सहाएक महिने आधीच घेऊन ठेवला होता. आठ वर्षांचा असताना थंडीत यामानाशीतल्या एका शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात सुरू झालेल्या प्रवासाबद्दल त्याने त्यात लिहिलं होतं.

29 हे मिडफील्डरचं उमेदीचं वय. मग का? पुढे मुलाखतींत त्याने सांगितलं की फुटबॉल हा निव्वळ मोठा धंदा झालाय आणि खेळण्यातला आनंद कुणाला उरलेला नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. आता, ज्याच्या येण्याने पेरुजाच्या दुकानांत टी-शर्टच्या रांगा लागल्या, ज्याच्यासाठी दूध कंपनीने 2.8 कोटी युरो मोजले, त्याने हे बोलावं यावर हसणारे हसतील. मला उलट वाटतं. धंद्याची यंत्रं आतून कशी चालतात हे त्याच्याइतकं जवळून बघितलेला दुसरा आशियाई खेळाडू तेव्हा नव्हता. पासपोर्टचा नियम, मालकाची लहर, दिवाळखोरी, हे सगळं त्याच्या अंगावरून गेलं होतं. शिवाय तो मुळातच जरा अलिप्त. सहकाऱ्यांच्या वेगाचा विचार न करणारा, हे जपानमध्ये त्याच्याबद्दल शेवटपर्यंत बोललं गेलं, आता पासबद्दल नव्हे, तर जिंकण्याच्या भुकेबद्दल.

निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला नाही. आधी काही वर्षं जग हिंडला, मग 2009 पासून जपानचे 47 प्रांत एकेक करून पालथे घातले. शेतकरी, कुंभार, विणकर आणि खास करून तांदळाची साके दारू बनवणारे जुने कारखानदार यांच्याकडे जाऊन बसला. त्यातून जपान क्राफ्ट साके कंपनी उभी राहिली. तोक्योत रोप्पोंगी हिल्सला भरणारा क्राफ्ट साके वीक हा तिचाच उपक्रम. साकेच्या बाटलीवरची लेबलं परदेशी माणसाला वाचता येत नाहीत, म्हणून बाटली कुठली, कुणी केलेली, कशासोबत प्यायची हे सांगणारं एक अ‍ॅपही त्याने काढलं. मधल्या फळीतल्या माणसाला शोभेल असंच काम: माल दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचं, हा फक्त योग्य माणसापर्यंत पोहोचवतो.